सातवी मूठ

तीस वर्षं शहादा तालुक्यात
बांधाबांधावर मी एकच सांगत फिरलो :
खड्ड्यात पपईची तीन रोपं लावा,
फूल दिसेपर्यंत एकही उपटू नका.
लांब दांड्यावर लोंबतं ते नर.
खोडाला बिलगून बसतं ते मादी.
आणि एक तिसरं, दोन्ही ज्याच्यात आहे,
व्यापारी त्याचंच फळ आधी उचलतो.
वैशाखात पारा चढला की
तेच झाड नराची फुलं काढतं,
गारवा आला की पुन्हा फळ धरतं.
शेतकरी हसायचे.
मी म्हणायचो, झाडाला कळलेलं असतं,
वेळ आपल्याला लागतो.
मग चहा यायचा.

रेवानंद पुण्याहून आला,
ओट्यावर चपला काढता काढता म्हणाला,
पप्पा, नावातली शेवटची दोन अक्षरं मी काढलीत.
मी विचारलं, जेवलास का?

संध्याकाळी निघताना : "जाऊन येते."
काना गळला होता, मात्रा राहिली होती.
एवढ्याशा रेघेवर
मी रात्रभर पंख्याकडे बघत पडलो.

धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, हा आजार नाही.
मी शिकलो त्या पुस्तकात होता,
नव्या पुस्तकातून काढलाय.
नंदुरबारच्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या,
तिच्यासाठी. झोप माझी गेली होती.
व्याही म्हणाले, शास्त्रात बसत नाही.
त्यांचाच भाऊ म्हणाला, देवानं मोहिनी झाल्यावर
कुणाला विचारलं होतं?
त्यावर दोघं महिनाभर बोलले नाहीत.
हमीदभाई मोटारीचं वायंडिंग सोडवत म्हणाले,
आमच्यातही दोन मतं आहेत साहेब,
माझं तिसरं : पोरीला उपाशी ठेवू नका.
आणि मी, अखेर धीर करून,
तिला ते पपईचं सगळं सांगितलं.
ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली,
"मी पपई नाहीये, पप्पा."

श्रावणात कानबाई बसली.
पाटावरच्या नारळाला जिजीनं नथ घातली,
डोळे लावले, हिरवं लुगडं नेसवलं,
आणि सगळ्या घरानं त्याला माय म्हटलं.
कुणी शेंडी उचलून पाहिली नाही.

मग रोटाचे गहू.
आमच्याकडे घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ,
प्रत्येकाचं नाव घेऊन.
गेल्या साली सात नावं होती.
जिभाऊ सुपात बघत म्हणाला,
"औंदा सहा का सात? काय ते एकदाव सांगी टाक."
कुणी म्हणालं, पुरुष नाही म्हणते, मग मूठ कशाला.
कुणी म्हणालं, कमी केली तर देवीचा कोप.
एक सून हळूच म्हणाली,
मग आपल्या मुठी कुठे आहेत?
ते कुणाला ऐकू आलं नाही, असं ठरलं.

रेवा दारात उभी होती.
"जिजी, मी येस का मजार?"
अहिराणीतल्या येसला
बाईही नसते, बुवाही नसतो.
"ये," जिजी म्हणाली, आणि जिभाऊला, "गप ऱ्हाय, मोजू दे."

सहा नावं झाली.
सातवी मूठ उचलून ती म्हणाली, "रेवा…"
आणि थांबली.
मूठ उघडली. गहू पडले. वर पाव मूठ.
तिला दमा आहे. श्वास तुटला असेल.
ज्याला जे ऐकायचं होतं
ते त्यानं ऐकलं. मी काय ऐकलं
ते अजून ठरलेलं नाही.
जिजीला विचारायचं राहिलं, मग मुद्दाम राहू दिलं.

जिभाऊ रोट न खाता गेला,
त्याच्यामागे अजून दोन घरं.
रोट पुनवेच्या आत संपवायचा असतो,
बाहेर कुणाला देत नाहीत.
आम्ही तिघं उरलो होतो, मी, जिजी, रेवा.
सकाळी खीर, दुपारी खीर,
शेवटी नुसताच, दुधात बुडवून.
चौथ्या रात्री रेवानं टोपलं उपडं केलं,
बोटानं कडेचा चुरा गोळा केला
आणि विचारलं, "पप्पा, तुम्ही घेता की मी घेऊ?"
"घे," मी म्हटलं. "तू घे गं."